रानबदकांचे स्वयंवर

उत्तर भारतातील तलावांवर हिवाळा घालविणारी बहुतेक रानबदके येथे अंडी घालीत नाहीत. त्यांची घरटी हिमालयाच्या पलीकडे, कझाकस्तानातील दलदलीत आणि सायबेरियातील नद्यांच्या काठी असतात. त्यामुळे ही बदके आपल्याकडे केवळ पोट भरण्यासाठी आणि बर्फ चुकविण्यासाठी येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. बदकांच्या वार्षिक जीवनक्रमातील एक अत्यंत महत्त्वाचा निर्णय, म्हणजे जोडीदाराची निवड, बऱ्याच जातींच्या बाबतीत या हिवाळी मुक्कामातच घेतला जातो. संसार तेथे थाटला जातो. स्वयंवर मात्र येथे होते.

बुंदेलखंडातील झाशीच्या परिसरात हा सोहळा पौषापासून चैत्राच्या आरंभापर्यंत पाहावयास मिळतो. हा मुलूख खडकाळ आहे. पावसाचे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. ते नाल्यांवाटे वाहून जाते. म्हणून चंदेल आणि बुंदेल्या राजांनी ठिकठिकाणी बांध घालून तलाव निर्माण केले. झाशीपासून २०-२५ किलोमीटर अंतरावरील बरुआसागर हा विस्तीर्ण तलाव ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. पारिछा येथे बेतवा नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंधारा झाला, आणि त्याच नदीवर पुढे माताटीला धरण उभे राहिले. खुद्द झाशी शहरातील लक्ष्मी ताल मराठी वाचकांना परिचित असेल. महालक्ष्मीचे मंदिर आणि राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव यांची छत्री त्याच्याच परिसरात आहे. माणसाने शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडविलेले हे पाणी दूरदेशीच्या पाखरांचे हिवाळी आश्रयस्थान बनले आहे.

येथे येणाऱ्या बदकांत लांब, टोकदार शेपटीचे तलवार बदक, लहानखुरे चक्रांग, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, डोळ्यावर पांढरी रुंद भुवई असलेले भुवई बदक, करड्या रंगाचे मलिन बदक आणि पाण्यात बुड्या मारणारी लालसरी या जाती प्रमुख आहेत. नदीच्या वाळवंटावर नारिंगी-तपकिरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने दिसतात.

नवा वेश

आश्विन-कार्तिकात बदकांचे थवे प्रथम उतरतात तेव्हा नर आणि माद्या वेगळ्या ओळखणे कठीण असते. सगळीच पाखरे मातकट, ठिपकेदार आणि नजरेत न भरणारी दिसतात. याचे कारण मागील उन्हाळ्यात दडलेले असते. माद्या अंडी उबविण्यास बसल्या की बहुतेक जातींचे नर त्यांना सोडून एकत्र जमतात आणि आपली पिसे टाकतात. उड्डाणाची मोठी पिसे एकदमच गळत असल्याने तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. या असहाय काळात भडक रंग जिवावर बेतण्याचा संभव असतो. म्हणून नर तेवढ्यापुरता मादीसारखा साधा पिसारा धारण करतात आणि पुष्कळदा त्याच वेशात दक्षिणेकडे येतात.

भारतात पोहोचल्यावर दुसरी पिसे येऊ लागतात. हिवाळा स्थिरावेपर्यंत तलवार बदकाच्या नराचे मस्तक चॉकलेटी होते आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा वर चढतो. चक्रांग नराच्या बदामी डोक्यावर डोळ्यापासून मागे जाणारी हिरवी पट्टी चमकू लागते. भुवई बदक मात्र या बाबतीत सावकाश चालते. त्याच्या नराचा साधा वेश हिवाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत टिकतो आणि त्याच्या जोड्याही इतरांपेक्षा उशिरा जमतात. उत्तरेतील गावोगावी या बदकाला 'चैतवा' असेही एक नाव आहे. ते चैत्राची आठवण करून देते. इतर बदके निघून गेल्यावरही हे पाखरू काही काळ तलावावर रेंगाळताना दिसते.

पिसारा बदलला तरी प्रणयाची ऊर्मी आतूनच यावी लागते. ती कोण जागी करते? थंडी ओसरल्यामुळे पक्ष्यांना वसंताची चाहूल लागते, असे पूर्वी मानले जाई. १९२० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये विल्यम रोवन यांनी लहान पक्ष्यांना कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि दिव्यांच्या साहाय्याने त्यांचा दिवस थोडाथोडा वाढविला. थंडी कायम असूनही त्या पक्ष्यांच्या जननग्रंथी वाढू लागल्या. पुढे फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी पाळीव बदकांवर प्रयोग केले. डोळ्यांवाटे प्रकाश मिळाला नाही तरी तो कवटीतून मेंदूच्या खोल भागापर्यंत पोहोचतो आणि परिणाम घडवून आणतो, असे त्यांना आढळले. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्यामुळे कार्यप्रवण होते आणि तिच्या स्रावांनी जननग्रंथी जाग्या होतात. झाशीस डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे साडेदहा तासांचा असतो. २१ मार्चच्या सुमारास तो १२ तासांचा होतो. बदकाचे पंचांग या वाढत्या प्रकाशाने लिहिलेले असते.

वर अनेक, वधू थोड्या

बदकांच्या बहुतेक जातींत नरांची संख्या माद्यांहून अधिक असते. मादी जमिनीवरच्या घरट्यात तीन-साडेतीन आठवडे एकटी बसून राहते. कोल्हे आणि इतर शिकारी प्राणी तेथे तिला गाठतात. विणीच्या काळात माद्या अधिक मरतात आणि त्यामुळे हिवाळी थव्यात वधूंची वाण असते. याचा एक महत्त्वाचा परिणाम असा, की निवडीचा अधिकार मादीकडे जातो. 'स्वयंवर' हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून योजलेला नाही.

माघ महिन्यातील एखाद्या सकाळी तलावाच्या मोकळ्या पाण्यावर चक्रांगांचा एक घोळका दिसतो. मध्ये एखादी मादी आणि भोवती पाच-सहा नर असतात. नर अंग आखडून, डोक्याची पिसे फुलवून इकडेतिकडे पोहतात. एकाएकी एक नर चोचीचे टोक पाण्यात बुडवितो, थेंबांचा लहानसा फवारा मादीच्या दिशेने उडवितो आणि पाठीची कमान करून बारीक शीळ घालतो. लगेच दुसरा नर डोके आणि शेपूट एकाच वेळी वर उचलतो. त्यामुळे शेपटीखालचा पिवळसर डाग आणि पंखावरील हिरवा पट्टा क्षणभर झळकतो. हे सारे एक-दोन सेकंदांत संपते आणि नर पुन्हा काहीच न घडल्यासारखे पोहू लागतात. तलवार बदकाचा नर मान उंच ताणून हलकीशी शीळ घालतो, आणि मादीपुढे पोहत जाताना मानेचा मागचा गडद भाग तिच्याकडे वळवितो. काही वेळा मादी हवेत झेपावते आणि अनेक नर तिच्यामागे वळणे घेत उडत राहतात.

या हालचालींचा पद्धतशीर अभ्यास जर्मन पक्षितज्ज्ञ ओस्कार हाइनरोट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला. त्यांचे कार्य पुढे नेणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी १९४१ मध्ये बदककुळातील जातींच्या प्रणयचेष्टांची तुलना प्रसिद्ध केली. या चेष्टा शिकविल्या जात नाहीत. त्या जन्मजात असतात. चोच किंवा पिसे यांच्या ठेवणीवरून जातींचे नाते ठरविता येते, तसेच या चेष्टांवरूनही ते ठरविता येते, असे लोरेन्झ यांनी दाखवून दिले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये इतर दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पिसे साफ करण्याच्या नेहमीच्या क्रियेतून निर्माण झालेली चेष्टा हे याचे उत्तम उदाहरण होय. प्रणयाच्या भरात नर मध्येच थांबून पंखाकडे चोच नेतो. पाहणाऱ्यास तो पिसे साफ करीत आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो काहीच साफ करीत नाही. भुवई बदकाचा नर चोच पंखाच्या बाहेरच्या बाजूस, नेमकी फिकट निळसर पिसांवर टेकवितो. पूर्व आशियातील मँडरिन बदकाचा नर शिडासारखे उभे राहिलेले एकच नारिंगी पीस चोचीने स्पर्शितो. ज्या जातीपाशी जे आभूषण आहे, त्याकडेच बोट दाखविल्यासारखी ही क्रिया असते. रोजच्या व्यवहारातील हालचाल अशा रीतीने संकेत बनते.

मादीचा कौलही अशाच संकेताने व्यक्त होतो. ती पसंत केलेल्या नराच्या मागोमाग पोहते आणि नकोशा नराकडे खांद्यावरून पुनःपुन्हा मान वळवीत कर्कश आवाज काढते. या चेष्टेचा उगम खऱ्या भांडणात असावा, असे लोरेन्झ यांचे प्रतिपादन आहे. चक्रवाकाच्या गटातील माद्या डोके खाली घालून प्रत्यक्ष शत्रूवर धावून जातात आणि मग आपल्या नराच्या आश्रयास परततात. त्या चालीचा गोठलेला अवशेष म्हणजे तलावावरील बदकांची ही खांद्यावरून वळणारी मान. अर्थ मात्र स्पष्टच राहिला आहे: 'हा माझा, तो परका.' निवडलेला नर प्रतिस्पर्ध्याला हुसकावू लागला की जोडी जमली असे समजण्यास हरकत नाही.

बंदिस्त जागेत तलवार बदकांवर झालेल्या अभ्यासात, ज्या नरांची छाती अधिक शुभ्र होती आणि जे मादीच्या सान्निध्यात राहून अधिक आराधना करीत, अशांना माद्यांनी पसंती दिल्याचे दिसून आले. उजळ पिसारा हे निरोगी शरीराचे प्रमाणपत्र असते.

जोडी कशासाठी?

अंडी घालण्यास अद्याप दोन-तीन महिने असता जोडी इतक्या लवकर का जमवावी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर मादीच्या आहारात सापडते. चक्रांग मादीचे वजन अवघे ३०० ग्रॅमच्या आसपास असते. ती ८ ते ११ अंडी घालते आणि त्या साऱ्यांचे एकत्रित वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळ जाते. या कामासाठी, आणि त्याआधीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी, लागणारा साठा तिला शरीरात करावा लागतो. एकट्या मादीला नर सारखे सतावतात, अन्नाच्या चांगल्या जागेवरून इतर पाखरे हुसकावतात. जोडीदार मिळाला की तिला स्वस्थपणे चरता येते. ती पाण्यात डोके घालून बिया, कोवळे कोंब आणि कीटक टिपीत असता नर मान ताणून पहारा देतो. नराच्या रंगांचे कौतुक कवींनी केले असले, तरी त्याची खरी उपयुक्तता या पहाऱ्यात आहे.

नरालाही यात लाभ आहे. लवकर जोडी जमविणाऱ्यास वधू मिळते. मागे राहणाऱ्यास बहुधा ते वर्ष एकट्याने काढावे लागते.

जमलेली जोडी मुक्कामाच्या अखेरीस मीलनाच्या चेष्टा करू लागते. नर आणि मादी समोरासमोर येऊन डोकी एका लयीत वरखाली करतात. मग मादी मान लांबवून पाण्यावर सपाट होते. नर तिच्या मानेची पिसे चोचीत धरून आरूढ होतो. नंतर दोघेही अंग धुऊन पंख झाडतात. यांतील पुष्कळसे मीलन अंडी घालण्याच्या फार आधी होत असल्याने फलदायी नसते. जोडीचा बंध दृढ करणे हेच त्याचे कार्य असावे.

या चित्राला एक कठोर बाजूही आहे. विणीच्या प्रदेशात वधू न मिळालेले, किंवा स्वतःची मादी अंड्यांवर बसलेली असलेले नर इतरांच्या माद्यांवर बळजबरी करतात. तलवार बदक आणि हिरव्या डोक्याचे नीलशीर्ष बदक यांत ही प्रवृत्ती विशेष आढळते. अशा झटापटीत कधीकधी मादी बुडून मरते. मादी तेथेही सर्वस्वी हतबल नसते. पॅट्रिशिया ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, ज्या जातींत नरांचे जननेंद्रिय लांब आहे त्या जातींत मादीचा जननमार्गही अधिक वळणांचा आणि आंधळ्या कप्प्यांचा असतो. स्वयंवरात दिलेला कौल अशा रीतीने तिच्या शरीररचनेतही जपला गेला आहे.

पाठराखण करणारा नर

फाल्गुन सरता सरता थवे उत्तरेकडे निघतात. कोणत्या गावी जावयाचे हे जोडीत मादी ठरविते. बदकांची मादी ज्या प्रदेशात जन्मली, किंवा जेथे तिने पूर्वी यशस्वी रीतीने पिले वाढविली, तेथेच परतण्याकडे तिचा कल असतो. नर तिच्यामागून जातो. त्याचा स्वतःचा जन्म एखाद्या अगदी वेगळ्या नदीच्या काठी झालेला असू शकतो. आपल्याकडील लग्नात वधू सासरी जाते. येथे वर सासरी जातो, आणि पुढच्या वर्षी बहुधा दुसऱ्याच सासरी. या रीतीमुळे दूरदूरच्या प्रदेशांतील रक्ताची सरमिसळ होत राहते. हिवाळी तलाव हा या दृष्टीने केवळ भोजनगृह नव्हे. अनेक देशांच्या पाखरांचा तो विवाहमेळा होय.

ही पाखरे कोठून येतात हे वळ्यांच्या साहाय्याने कळले. मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. झाशीच्या वायव्येस सुमारे २२० किलोमीटरवर असलेल्या भरतपूरच्या पाणथळीत असंख्य बदकांच्या पायांत क्रमांकित वळी चढविण्यात आली. तेथील तलवार बदके, चक्रांग आणि भुवई बदके यांची वळी पुढे तत्कालीन सोव्हिएत संघाच्या दूरच्या प्रदेशांतून परत मिळाली.

चक्रवाकाची गोष्ट निराळी

बेतवेच्या वाळूवर दिसणारे चक्रवाक या साऱ्या रीतीला अपवाद आहेत. त्यांची जोडी दरवर्षी नव्याने जमत नाही. ती अनेक वर्षे टिकते. नर-मादीचे रंग जवळजवळ सारखे असतात. मादीचा चेहरा अधिक फिकट असतो आणि विणीच्या काळात नराच्या गळ्याभोवती बारीक काळे कडे उमटते, एवढाच भेद. पिले वाढविण्यात नरही भाग घेतो. ज्या कुळात नर संसार सोडून जातो तेथे तो भडक असतो, आणि ज्या कुळात तो संसारात टिकतो तेथे तो मादीसारखा दिसतो, हा सर्वसाधारण नियम येथे प्रत्ययास येतो.

चक्रवाकाची जोडी रात्री शापाने विलग होते आणि नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना साद घालते, हा संस्कृत कवींचा संकेत प्रसिद्ध आहे. याच बेतवेचा 'वेत्रवती' या नावाने उल्लेख करणाऱ्या मेघदूतात कालिदासाने विरहिणी यक्षपत्नीला सहचराविना राहिलेल्या चक्रवाकीची उपमा दिली आहे. रात्री चरताना जोडीदार थोडे दूर गेले की ते हाका देऊन संपर्क ठेवतात. कवींनी ती हाक ऐकली आणि तिला विरहाचा अर्थ दिला. प्रत्यक्षात ती विरहाची नव्हे, सोबत राहण्याची हाक आहे. ही जोडी उन्हाळ्यात लडाख, तिबेट आणि मध्य आशियाच्या पठारांवर वीण करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-निरीक्षणांनुसार हिमालय ओलांडताना चक्रवाक ६,८०० मीटरपर्यंतची उंची गाठतात.

ज्यांचा वसंत पावसाळ्यात येतो

परदेशी बदके गेल्यावर तलावावर काही बदके उरतात. ती येथील रहिवासी असतात. चोचीच्या पिवळ्या टोकामुळे आणि कपाळाजवळील तांबड्या ठिपक्यांमुळे 'हळदी-कुंकू' हे सुंदर मराठी नाव मिळालेले बदक, शीळ घालीत उडणारी अडई आणि नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असलेला नाकेर ही त्यांपैकी होत. वैशाख-ज्येष्ठात बुंदेलखंडाचे तलाव आटतात. त्या काळात पिले निघाली तर ती उपाशी मरतील. म्हणून या जातींची वीण मुख्यतः पावसाशी निगडित आहे. आषाढ-श्रावणात तळी भरली, गवत आणि कीटक वाढले की नाकेराच्या नराचा उंचवटा फुगतो आणि झाडांच्या ढोलीत घरटी होतात. अडईचे नर-मादी दिसावयास सारखेच असतात आणि दोघेही अंडी उबवितात. एकाच तलावावर दोन ऋतुचक्रे नांदतात: एक सूर्याच्या वाढत्या प्रकाशावर चालणारे, दुसरे मेघांवर अवलंबून असलेले.

तलाव गेला तर

हिवाळ्याच्या उत्तरार्धात पाखरांना काय मिळते यावर दूरच्या घरट्यांतील पिलांची संख्या काही अंशी ठरते. माघ-फाल्गुनात सतत उठविले गेलेले पाखरू पुरेसे चरू शकत नाही. कृश मादी उशिरा पोहोचते, अंडी कमी घालते, किंवा त्या वर्षी वीणच करीत नाही. सायबेरियातील दलदल कितीही सुरक्षित असली, तरी ही उणीव तेथे भरून निघत नाही.

शिकारीची भीती कायद्याने पुष्कळ कमी झाली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवरील बंदी अधिक कडक झाली. परंतु गाळाने उथळ होणारा, सांडपाण्याने कुजणारा किंवा काठाकाठाने बुजविला जाणारा तलाव बंदुकीपेक्षा अधिक पाखरे नाहीशी करतो, आणि तेही आवाज न करता. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या मुळाशी हाच विचार आहे, की स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांचे रक्षण कोणत्याही एका देशाला एकट्याने करता येत नाही. १९८७ पासून आशियात दरवर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. नेमक्या याच काळात जोड्या जमत असतात. गणना करणाऱ्याने थव्यातील पाखरे मोजताना जोडीने पोहणारी किती आणि एकटी किती हेही टिपले, तर त्या तलावाच्या योग्यतेविषयी नुसत्या आकड्यापेक्षा अधिक कळू शकेल.

चैत्र संपता संपता झाशीच्या तलावांवरील मोकळे पाणी ओसाड दिसू लागते. ज्या नराने माघात थेंबांचा फवारा उडविला होता, तो त्या वेळी आपल्या मादीच्या मागोमाग बर्फ वितळण्याची वाट पाहत उत्तरेकडे सरकत असतो. तिच्या अंगात साठलेली चरबी मात्र बुंदेलखंडाच्या पाण्यातील बिया आणि कोंब यांची असते.